गुडघ्याचे बंध

एखाद्याची समज थोडी कमी दिसली की आपण पटकन म्हणून जातो, "याची अक्कल गुडघ्यात आहे!" बिचाऱ्या गुडघ्याचा त्यात उगीच अपमान होतो. गुडघ्यालाही एक प्रकारची अक्कल असते, हे डॉक्टरांना आता चांगले ठाऊक झाले आहे. ते कसे, हे पुढे ओघात येईलच.

आजचा विषय म्हातारपणी झिजणाऱ्या गुडघ्याचा नाही. ऐन तारुण्यात मोडणाऱ्या गुडघ्याचा आहे. हाड शाबूत असते, वर जखम नसते, तरीही माणूस महिनोन् महिने लंगडतो, त्या दुखापतीचा. ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि त्यांच्या आसपासची गावे यांना ही दुखापत अनोळखी नाही. भिवंडी-मुरबाडकडे आवणीच्या दिवसांत निसरड्या बांधावरून पाय घसरतो. शहापूरच्या पटांगणात कबड्डीचा गडी चढाईत गर्रकन वळतो. डोंबिवलीच्या फलाटावर कुणी गाडी पुरती थांबण्याआधीच उडी टाकतो. पाऊल जमिनीत रुतून राहते, अंग फिरते आणि गुडघ्यात 'कट्' असा आवाज होतो. दोन-चार तासांत गुडघा भोपळ्यासारखा सुजतो. घरची मंडळी म्हणतात, "लचक भरली असेल, चोळून घे." पंधरा दिवसांत सूज उतरते, दुखणे कमी होते, आणि गडी पुन्हा मैदानात उतरतो. खरे नुकसान पुष्कळदा तिथून पुढे सुरू होते.

असे का होते, आणि यावर माणसाने काय काय शोधून काढले, त्याचा हा इतिहास आहे. तो ऐकून झाल्यावर, आपल्या घरी किंवा शाळेत असा प्रसंग आला तर काय करावे, हे निराळे सांगावे लागणार नाही.

प्रथम गुडघ्याची रचना पाहू. मांडीचे हाड वरून येते, नडगीचे हाड खालून येते, आणि पुढे वाटी असते. दाराच्या बिजागरीत खिळा असतो. गुडघ्यात तसा खिळा नाही. वरचे गोलसर हाड खालच्या जवळजवळ सपाट हाडावर नुसते टेकलेले असते. मधे चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या असतात. मग हा सांधा जागेवर राहतो कशाने? चिवट दोऱ्यांनी. शास्त्रात त्यांना अस्थिबंध म्हणतात, दवाखान्यात लिगामेंट म्हणतात. मुख्य बंध चार. एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या बाजूला, आणि दोन सांध्याच्या अगदी मधोमध, एकमेकांना फुलीसारखे छेदून गेलेले. या फुलीतला पुढचा बंध नडगीला पुढे सरकू देत नाही आणि गुडघ्याच्या पिळावर लगाम ठेवतो. लांबीला तो जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटर, जाडीला करंगळीएवढा. पण तरुण माणसाचा हा बंध दोनशे किलोहून अधिक ओढ सहन करतो. वर सांगितलेला 'कट्' आवाज बहुधा याच बंधाचा असतो. डॉक्टर इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'एसीएल' म्हणतात. आपण आज त्याला फुलीबंध म्हणू.

आता इतिहासाकडे वळू. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते का? पुष्कळसे होते. सुश्रुतसंहितेत शरीरातील स्नायूंची संख्या नऊशे सांगितली आहे. सुश्रुताच्या भाषेत स्नायू म्हणजे मांस नव्हे, बांधून ठेवणारे तंतू. तिथे एक फार चांगला दाखला दिला आहे. फळ्या फळ्या जोडून केलेली नाव दोऱ्यांनी नीट आवळली म्हणजे पाण्यावर माणसांचा भार वाहते. त्याचप्रमाणे शरीराचे सांधे या बंधांनी बांधलेले असल्यामुळेच माणूस भार पेलतो. कल्याण आणि ठाणे ही खाडीकाठची जुनी बंदरे. शिवछत्रपतींनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि त्यानंतर या खाडीत आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली. त्यामुळे नावेचा हा दाखला इथल्या माणसाला समजावून सांगायला नको. फळी कितीही शिसवी असो, बांधणी सैल झाली की नाव डुलते.

एवढ्यावर सुश्रुत थांबत नाही. शरीरातील ज्या नाजूक जागांना तो मर्मे म्हणतो, त्यांत जानू म्हणजे गुडघा येतो. हे मर्म जीव घेणारे नाही, वैकल्य आणणारे आहे, म्हणजे त्याला इजा झाली तर माणूस लंगडा होतो, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. युरोपातही दुसऱ्या शतकात गेलन नावाच्या वैद्याने गुडघ्यातल्या या फुलीचे वर्णन केले होते. तोही प्रारंभी झुंजी खेळणाऱ्या मल्लांचा वैद्य होता. म्हणजे दोन्हीकडे ज्ञान आले ते जखमी माणसाच्या शेजारी बसूनच.

पण श्रोतेहो, या ज्ञानाला एक मोठी मर्यादा होती. जिवंत माणसाच्या बंद सांध्यात काय तुटले आहे, हे पाहण्याचा मार्ग कुणापाशीच नव्हता. वैद्याला बाहेरून हात लावून जे कळेल तेवढेच कळे. आपल्या गावोगावच्या हाडवैद्यांचेही तसेच होते. त्यांना उगाच नावे ठेवण्याचे कारण नाही. निखळलेला खांदा जागेवर बसवणे, मोडलेल्या हाताला बांबूच्या कामट्या बांधणे, हे त्यांच्यातले जाणते लोक करीत आले. गुडघ्याच्या बाबतीतही त्यांना कधी कधी यश येई, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आतल्या बाजूचा बंध जर थोडा फाटला असेल, तर तो पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून सांधतो. त्याला रक्ताचा पुरवठा चांगला असतो. अशा माणसाला सहा आठवड्यांनी बरे वाटे आणि श्रेय लेपाला मिळे. परंतु सांध्याच्या मधोमध असलेल्या फुलीबंधाची गोष्ट वेगळी. तो सांध्यातल्या द्रवात बुडालेला असतो. जखमेवर रक्त गोठून जी खपली धरायची ती तिथे टिकत नाही, म्हणून त्याची तुटलेली टोके सहसा आपणहून नीट जुळत नाहीत. एकाच लेपाने एक गुडघा बरा का झाला आणि दुसरा कायमचा अधू का राहिला, याचे उत्तर बंध कुठला होता यात होते.

कोणता बंध तुटला हे ओळखावे कसे? या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात नेटाने काम सुरू झाले. १८३६ मध्ये जर्मनीत वेबर नावाच्या दोघा भावांनी माणसाच्या चालण्याचा अभ्यास करताना, हे बंध कापले तर गुडघा कसा वेडावाकडा सरकतो, ते मांडून दाखवले. १८७५ मध्ये जॉर्ज नूलिस या डॉक्टरने हाताने तपासण्याची एक युक्ती सांगितली. गुडघा किंचित वाकवायचा, एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची. बंध शाबूत असेल तर नडगी टप्पकन थांबते, तुटला असेल तर सैल सरकते. ही युक्ती पुढे विस्मरणात गेली. शंभर वर्षांनी, १९७६ मध्ये, अमेरिकेत ती लॅकमन या डॉक्टरांच्या नावाने पुन्हा पुढे आली आणि आज जगभर वापरली जाते. ठाण्याच्या वा कल्याणच्या अस्थिरोग तज्ज्ञाने तुमचा गुडघा असा ओढून पाहिला, तर घाबरू नका. दीडशे वर्षांच्या अनुभवाची ही परीक्षा आहे.

ज्या काळात युरोपात हे चालले होते, त्या काळात आपल्या भागात काय घडत होते? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, आणि पुढल्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. त्याने या मुलखाचे आयुष्य पालटले. कल्याण हे मोठे जंक्शन झाले. तिथून एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे गेला. इंजिनावर चढणारे-उतरणारे, खडीवर ओझी वाहणारे, रोज शेकडो पायऱ्या आणि पूल ओलांडणारे कामगार व चाकरमाने इथे वसले. शेतकऱ्याच्या गुडघ्यावर जो ताण होता त्यात या नव्या धावपळीची भर पडली. पण रेल्वेने एक उपकारही केला. दुखावलेला माणूस मुंबईच्या इस्पितळापर्यंत जाऊ शकला. त्याकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

१८९५ हे वर्ष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी इंग्लंडमधील लीड्स शहरात मेयो रॉबसन या शस्त्रवैद्यापुढे एकेचाळीस वर्षांचा एक खाणकामगार आला. त्याच्या गुडघ्यातले दोन्ही फुलीबंध तुटले होते. रॉबसनने गुडघा उघडून ते शिवले. आठ वर्षांनी, १९०३ मध्ये, त्याने हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा तो कामगार पुन्हा खाणीत काम करीत होता. ही शस्त्रक्रिया ना राजासाठी झाली ना नामांकित खेळाडूसाठी. अंगमेहनतीवर पोट असलेल्या मजुरासाठी ती झाली. गुडघा गेला म्हणजे मजुराची भाकरी गेली, हे लीड्सला जितके खरे होते तितकेच ते आजही मुरबाडला खरे आहे.

त्याच १८९५ च्या नोव्हेंबरात जर्मनीत रंटगेन यांना क्ष-किरण सापडले. हाडे दिसू लागली. पण इथे एक घोटाळा झाला, तो अजूनही होतो. क्ष-किरणांत हाड दिसते, बंध दिसत नाही. "फोटो काढला, सगळं नॉर्मल आहे," असे सांगत माणूस घरी येतो. फोटो नॉर्मल याचा अर्थ हाड मोडलेले नाही, एवढाच. बंधांविषयी तो फोटो मुका असतो.

नुसते शिवलेले बंध पुष्कळदा पुन्हा उसवतात, हे पुढे ध्यानात आले. तेव्हा १९१७ मध्ये ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज या शस्त्रवैद्याने निराळा विचार केला. तुटलेली दोरी सांधत बसण्यापेक्षा नवीच दोरी का घालू नये? त्याने मांडीच्या बाहेरच्या बाजूची चिवट पट्टी घेतली आणि हाडांत भोके पाडून ती जुन्या बंधाच्या वाटेने ओवली. आजची शस्त्रक्रिया मूळ याच विचाराची आहे. दोरी मात्र आता बहुधा मांडीच्या मागच्या स्नायूंच्या कंडरेतून किंवा वाटीखालच्या कंडरेतून घेतात.

पण गुडघा उघडायचा म्हणजे मोठी चीर, मोठी जखम, मोठी भीती. हा अडसर दूर झाला तो जपानमध्ये. त्यामागचे कारण आपल्याला फार जवळचे आहे. जपानी माणूसही आपल्यासारखाच जमिनीवर बसणारा. क्षयाने गुडघा ताठरला म्हणजे त्याला घरात चारचौघांत बसता येईना. म्हणून, रोग लवकर ओळखता यावा यासाठी तोक्योच्या केन्जी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय तपासण्याची नळी प्रेतावरच्या गुडघ्यात घालून आत पाहिले. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी सतत सुधारणा करीत १९५० च्या दशकाच्या अखेरीस 'क्रमांक २१' नावाची दुर्बीण तयार केली, आणि १९६२ मध्ये तिच्या साह्याने गुडघ्यातल्या फाटक्या गादीचा तुकडा काढला. १९८० मध्ये इंग्लंडमध्ये डेव्हिड डँडी यांनी फुलीबंधाची शस्त्रक्रियाही दुर्बिणीच्या मदतीने केली. लोक आज 'दुर्बिणीचे ऑपरेशन' म्हणतात ते हेच. १९८० नंतर एमआरआयची सोय आली आणि गुडघ्याला टाकासुद्धा न घालता बंधांचे चित्र दिसू लागले. जी गोष्ट सुश्रुताला आणि गेलनला दिसणे शक्य नव्हते, ती आता ठाण्यात वा डोंबिवलीत पाहता येते.

इथवर आपण दुखापत ओळखण्याची आणि दुरुस्तीची हकीकत ऐकली. आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. दुरुस्तीनंतर माणूस उभा राहतो कशाने?

जुना समज असा होता की दुखरा अवयव बांधून ठेवावा. गुडघ्याला प्लास्टर घालीत. सहा-सहा आठवड्यांनी प्लास्टर निघे तेव्हा मांडी वाळून काठीसारखी झालेली असे, आणि गुडघा ना पुरता वाके ना सरळ होई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत थॉमस डीलॉर्म या तरुण डॉक्टरपुढे असेच सैनिक येत होते. तो स्वतः वजने उचलणारा. त्याने सैनिकांच्या पायांना वजने बांधली, क्रमाक्रमाने ती वाढवत नेली, आणि वाळलेली मांडी पुन्हा भरते हे १९४५ मध्ये सप्रमाण दाखवले. आपल्या तालमीतल्या वस्तादाला याचे नवल वाटणार नाही. बैठका एकदम शंभर काढायच्या नसतात, रोज थोड्या वाढवायच्या असतात, हे तो पहिल्याच दिवशी सांगतो.

हे शास्त्र आपल्याकडे आले ते परळला. परळचे केईएम रुग्णालय १९२६ पासूनचे. १९५२ मध्ये तिथे भारत सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि मुंबई महापालिका यांच्या सहकार्याने भौतिकोपचाराची, म्हणजे फिजिओथेरपीची, शाळा सुरू झाली. १९५५ मध्ये हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था निघाली. कल्याणहून गाडीत बसून परळला उतरणाऱ्या रुग्णाला आता औषधाच्या बाटलीबरोबर व्यायामाचा धडाही मिळू लागला. पुढे ठाण्यालगत कळव्याला १९९२ मध्ये राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि तिथल्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयामुळे परळचा फेरा अनेकांचा वाचला.

तरीही शस्त्रक्रियेनंतर गुडघा बांधून ठेवण्याची चाल बराच काळ टिकून होती. ती मोडली कशी, याची गोष्ट गमतीची आहे. अमेरिकेत शेलबोर्न नावाचे शस्त्रवैद्य होते. त्यांच्या ध्यानात आले की सांगितलेले पथ्य न पाळता जे रुग्ण लवकर पाय हलवतात, गुडघा सरळ करतात, त्यावर भार देतात, त्यांचेच गुडघे अधिक चांगले होत आहेत! त्यांनी रुग्णांवर रागावण्याऐवजी आपला नियमच तपासला, आणि १९९० मध्ये लवकर हालचालीची नवी पद्धत प्रसिद्ध केली. आज शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांना एक-दोन दिवसांतच आधाराने उभे करतात.

मग काय, लवकर हालचाल म्हणजे लवकर खेळ? नाही हो! इथेच पुष्कळांची फसगत होते. शेतकरी बांधवांना हे चटकन पटेल. गुडघ्यात घातलेली नवी दोरी म्हणजे एक कलम आहे. आंब्याचे कलम बांधल्यावर त्याला लगेच कुणी झोका बांधतो का? कलम आधी जगायला हवे. गुडघ्यातल्या कलमाचेही तसेच. प्रारंभी त्याला रक्तपुरवठा नसतो. शरीर हळूहळू त्यात रक्तवाहिन्या नेते, जुने तंतू काढून नवे घालते, आणि या घडामोडीत पहिल्या काही महिन्यांत ते कलम बांधले त्या दिवसापेक्षाही कमकुवत होते. नेमके त्याच वेळी दुखणे थांबलेले असते, चाल सुधारलेली असते, आणि गड्याला वाटते, मी बरा झालो. २०१६ मध्ये नॉर्वेतील संशोधकांनी एकशे सहा रुग्णांचा अभ्यास करून दाखवले, की खेळात परतणे नऊ महिन्यांपर्यंत जितके लांबवावे, तितका दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचा धोका सुमारे निम्म्याने घटतो. औषधाला पैसे लागतात; या सबुरीला ते लागत नाहीत.

आता ती गुडघ्यातली अक्कल. या बंधांमध्ये बारीक मज्जातंतूंची टोके असतात. गुडघा किती वाकला, किती पिळला, याची वर्दी ती क्षणोक्षणी मेंदूला देतात, आणि मेंदू स्नायूंना सावरून धरायला सांगतो. बंध तुटला म्हणजे दोरी जाते तशी ही वर्दीही जाते. म्हणून माणूस म्हणतो, "गुडघ्यावर भरवसा वाटत नाही, मधेच सटकतो." ही जाण व्यायामानेच परत शिकवावी लागते. एका पायावर तोल सांभाळणे, हळू वाकणे, नीट उतरणे, असे धडे रोज गिरवावे लागतात. लहान मूल पाटी गिरवते ना, तसेच.

शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागतेच का? नाही. २०१० मध्ये स्वीडनमध्ये एकशे एकवीस तरुणांच्या दोन तुकड्या केल्या. एकीला लगेच शस्त्रक्रिया आणि व्यायाम. दुसरीला आधी व्यायाम, आणि गरज भासली तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही तुकड्यांच्या गुडघ्यांत विशेष फरक दिसला नाही. दुसऱ्या तुकडीतील एकोणसाठांपैकी तेवीस जणांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. बाकीच्यांचे व्यायामावर भागले. ज्याचा गुडघा वारंवार सटकतो, ज्याची गादीही फाटली आहे, ज्याला वळणा-उड्यांचा खेळ किंवा तसे काम करायचे आहे, त्याला शस्त्रक्रियेचा सल्ला बहुधा मिळतो. पण व्यायाम दोघांनाही चुकत नाही. सटकता गुडघा तसाच वापरत राहिला तर गाद्या चिरडतात आणि ऐन चाळिशीत म्हातारपणाचा गुडघा नशिबी येतो.

एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले. १९९४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरल्या होत्या. बॅडमिंटनच्या दुहेरी सामन्यात पुल्लेला गोपीचंद या तरुण खेळाडूच्या गुडघ्याचा हाच फुलीबंध तुटला. त्यावर शस्त्रक्रिया झाल्या, मग दीर्घ काळ व्यायाम. १९९६ पासून तो राष्ट्रीय विजेता झाला आणि २००१ मध्ये, दुखापतीनंतर सात वर्षांनी, त्याने ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली. त्याआधी १९८० मध्ये प्रकाश पदुकोण यांनी ती जिंकली होती. फुलीबंध तुटला म्हणजे सारे संपले असे नव्हे, हे यातून दिसते. पण ही सात वर्षे विसरू नका.

आता शिक्षक बंधूंनो आणि भगिनींनो, थोडे तुमच्याशी. कबड्डी हा आपल्या मातीतला खेळ. आपण त्याला हुतूतू म्हणत होतो. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तो जगाला दाखवला, आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत तो दाखल झाला. आता तो मॅटवर गेला आहे. मातीत पाय थोडा सरकतो. मॅटवर बूट चिकटून राहतो आणि पिळाचा सारा भार गुडघ्यावर येतो. मातीवर तयार झालेल्या मुलांना मॅटवर उतरवण्याआधी ही गोष्ट सांगा. यांतल्या बऱ्याच दुखापती दुसऱ्याच्या धक्क्याने होत नाहीत; धावता धावता एकदम थांबणे, वळणे, उडीवरून उतरणे यांत होतात. म्हणूनच त्या काही अंशी टाळता येतात. सामन्याआधी पंधरा-वीस मिनिटे अंग गरम करा. उडीवरून उतरताना गुडघे वाकलेले असावेत आणि ते एकमेकांकडे आत झुकू नयेत, हे मुलांना करून दाखवा. मांडीचा पुढचा भाग जसा बळकट करता तसा मागचाही करा. मुलींच्या बाबतीत हे विशेष पाहा, कारण तशाच खेळात त्यांना हा धोका मुलांपेक्षा अधिक असतो.

आणि दुखापत झालीच तर? खेळ तिथेच थांबवा. "पळ, पळ, उतरेल," म्हणू नका. पाय उंच ठेवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ वीसएक मिनिटे लावा, सैलसर पट्टी बांधा. पहिले दोन-तीन दिवस गरम तेल नको, रगडणे नको. आत रक्त साचत असते, चोळल्याने ते वाढते. गुडघा वेडावाकडा दिसत असेल, पाऊल गार पडले वा बधिर झाले असेल, तर क्षणही न दवडता मोठ्या रुग्णालयात न्या. अशा वेळी गुडघ्यामागची रक्तवाहिनी दुखावलेली असू शकते आणि पायच धोक्यात येतो. पायावर भार देता येत नसेल किंवा गुडघा मधेच अडकून बसला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तसे काही नसले तरी काही तासांत सूज आली असेल तर आठवड्याच्या आत अस्थिरोग तज्ज्ञाला दाखवा. खर्चाच्या भीतीने घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे त्या योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारा.

श्रोतेहो, एके काळी आपण गुडघा रगडत होतो, मग तो बांधून ठेवू लागलो. दोन्ही वेळा मनात हेतू बराच होता. कमी होते ते ज्ञान. आज ते जवळ आले आहे. आधी नीट ओळखा, मग लवकर पण क्रमाने हलवा, आणि कलम धरेपर्यंत थांबा. आपल्या शाळेतल्या एखाद्या मुलाचा वा मुलीचा गुडघा उद्या मैदानात दुखावला आणि गुरुजींनी किंवा बाईंनी त्याला चोळायला न पाठवता दवाखान्यात नेले, आणि पुढचे नऊ महिने त्याला धीर देऊन व्यायामाला लावले, तर आजच्या भाषणाचे चीज झाले असे मी समजेन.